खडीसाखरेचे फोटो

प्रेमा सबनीसचा कुणावरही विश्वास बसत नसे, आणि सरकार तिला पगार द्यायचं तोही त्याचाच.

बेंगळुरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत ती शास्त्रज्ञ होती. तिच्या विभागात देशभरातून मोडक्या वस्तू यायच्या. पंपाचा तुटलेला दांडा, टर्बाइनचं चिरलेलं पातं, क्रेनचा दगा दिलेला हूक. हे का तुटलं, एवढंच प्रेमानं सांगायचं. मोडक्या वस्तूबरोबर तिच्या मालकाची कहाणीही यायची. ‘मॅडम, कालपर्यंत एकदम मस्त चालत होतं हो.’ ही कहाणी खोटी आहे असं धरूनच ती कामाला लागायची, आणि बहुतेक वेळा ती खोटीच निघायची.

बरं, हा संशय ऑफिसात ठेवून घरी यावं, तर तेही नाही. येलहंका न्यू टाउनमधल्या घरी प्लंबर आला, की त्यानं काढलेला जुना वॉशर ती मागून घ्यायची आणि खिडकीपाशी नेऊन निरखायची. एका डॉक्टरानं लिहून दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टराला विचारल्याशिवाय तिच्या पोटात जात नसे. नवरा पद्माकर हा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर, स्वभावानं अगदी भोळा सांब. तो म्हणायचा, "लग्नाच्या वेळी माझी पत्रिका नुसती बघितलीस, की मायक्रोस्कोपखाली धरलीस?"

"पत्रिका तुमच्या आईनं दिली होती," प्रेमा म्हणायची. "म्हणून मी ती दुसरीकडून पुन्हा करून घेतली."

आणि ती गंमत करत नव्हती.

अशा बाईच्या पुढ्यात एका सकाळी हयवदनचा मेल येऊन पडला. हयवदन तिच्या विभागाचा प्रमुख. वयानं तिच्याहून लहान, बोलायला गोड, आणि कुठलंही वाईट काम चांगल्या शब्दांत बसवण्यात हुशार. संस्थेनं शिक्षणाची नवी योजना काढली होती. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक शास्त्रज्ञानं एका तरुण शास्त्रज्ञाकडून कॉम्प्युटरची नवी विद्या शिकायची, आणि बदल्यात आपली जुनी विद्या त्याला शिकवायची. अशा जोड्या लावल्या होत्या. प्रेमाची जोडी अभिराज लाडशी. मेलच्या शेवटी हयवदननं लिहिलं होतं, ‘तुमच्याकडचं सगळं त्याला जरा शिकवून ठेवा.’

प्रेमानं मेल पुन्हा वरपासून वाचला. कारण हे वाक्य तिनं पूर्वी एकदा ऐकलेलं होतं.

शिकण्याचा तिला कंटाळा होता असं कुणी म्हणेल तर ते साफ खोटं. मिरजेहून नोकरीला आली तेव्हा पहिलं वर्षभर तिनं नुसते धातूचे तुकडे घासून आरशासारखे चकचकीत केले. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप शिकली. मग संख्याशास्त्र. पीएच.डी. केली ती चाळिशीत, मुलीच्या दहावीच्या वर्षी. स्वयंपाकघराच्या एका टोकाला मुलगी भूमिती सोडवायची आणि दुसऱ्या टोकाला आई प्रबंध लिहायची. नवीन यंत्र आलं की त्याच्या माहितीपुस्तकाचं पहिलं पान उघडणारी तीच.

पण तिच्या सुरुवातीच्या काळात मायक्रोस्कोपचे फोटो फिल्मवर निघत, आणि ते डार्करूममध्ये धुऊन काढायला रघुजी नावाचे गृहस्थ होते. जुने बेंगळुरी मराठा. फोटोत काळं-पांढरं किती उठवलं म्हणजे तडा नीट दिसतो, याची त्यांची नजर बसलेली. एक दिवस साहेबांनी त्यांना सांगितलं, बाईंना सगळं जरा शिकवून ठेवा. रघुजींनी हातचं काही राखलं नाही. प्रेमाही आनंदानं शिकली, आपलं कौतुकच चाललंय असं तिला वाटलं. पुढं डिजिटल कॅमेरा आला, डार्करूमला कुलूप लागलं, आणि रघुजींची बदली गॅसची सिलिंडरं मोजायला स्टोअरमध्ये झाली. तिथं ती एकदा सही करायला गेली तेव्हा ते हसून म्हणाले, "ये अक्का, काय पाहिजे?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला तिथं उभं राहवेना.

माणसाची विद्या लिंबासारखी पिळून घेतात, ते तिनं तेव्हा स्वतः पाहिलं होतं. पिळणारा हातही तिचाच होता. आता आपली पाळी आली, हे ओळखायला तिला मायक्रोस्कोपची गरज नव्हती.

अभिराज आला तो लॅपटॉप छातीशी धरून. तिशीच्या आतला, सडपातळ, परीक्षाकाळातली नोकरी. म्हणजे वर्षअखेरीस हयवदननं चांगला शेरा दिला तर कायम होणार, नाहीतर नाही. त्याचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. घरात मराठी बोलतात म्हणून तो तिच्याशी मराठीतच बोलायला लागला.

"मॅडम, मी तुमचे जुने रिपोर्ट सगळे वाचलो," तो म्हणाला. "स्वल्प कठीण आहेत. पण काय भारी लिहिलाय अक्का... सॉरी, मॅडम."

प्रेमानं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. एवढे अवघड प्रोग्रॅम लिहिणारा मुलगा इतका भाबडा कसा असेल? हे ‘अक्का’ चुकून निघालं, की घरून पाठ करून आणलं? तिनं मनाशी नोंद केली.

शिकवणी सुरू झाली. सकाळी एक तास तो शिकवायचा, दुपारी एक तास ती. आणि पंचाईत अशी झाली, की प्रेमाला मजा यायला लागली. प्रोग्रॅम चुकला की कॉम्प्युटर अमुक ओळीत चूक आहे असं स्पष्ट सांगतो, हे तिला फारच आवडलं. माणसं कुठं एवढा प्रामाणिकपणा दाखवतात? काही आठवड्यांत तिनं फोटोतल्या रेघा मोजणारा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, आणि तो चालला तेव्हा ती खुर्चीतून उठून टाळी वाजवणार होती. अभिराजनंच वाजवली. तिनं लगेच हात खाली घेतले. आपल्याला गोड बोलून गुंगवतायत, असं तिला वाटलं.

दुपारी तो विद्यार्थी व्हायचा. तुटलेल्या पृष्ठभागाचे फोटो ती दाखवायची. वाळूवर लाटांच्या रेघा उठाव्यात तशा बारीक रेघा दिसल्या तर धातू थकून तुटला, म्हणजे फटीग. रोजच्या रोज ताण पडून तडा हळूहळू वाढत गेला. आणि खडीसाखरेचे खडे रचल्यासारखं दिसलं, तर बरेचदा हायड्रोजन. पोलादावर मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरतो, आणि वरून नवाकोरा दिसणारा बोल्ट काही दिवसांनी बसल्या जागी तुटतो.

"तुम्ही हे कसं ओळखलात?" अभिराज प्रत्येक फोटोला विचारायचा. "पहिल्यांदा काय बघितलात? मग काय?"

चांगला विद्यार्थी हेच विचारतो. पण ज्याला दुसऱ्याची विद्या पेटीत भरून न्यायचीय, तोही हेच विचारतो. प्रेमा अर्धं उत्तर द्यायची आणि चहाला उठायची.

मग पुरावे जमत गेले. कँटीनमध्ये अभिराज आणि हयवदन एका टेबलावर बसलेले. ती इडलीची ताटली घेऊन जवळ गेली तशी दोघंही गप्प. दुसऱ्या आठवड्यात अभिराजनं तिचा फोटोंचा सगळा संग्रह मागितला. उभ्या नोकरीत जमवलेले फोटो, प्रत्येकाला तिनं दिलेलं नाव: हे फटीग, हे हायड्रोजन, हे नुसतं जादा वजनानं तुटलं. "ह्यावरून प्रोग्रॅमला शिकवू मॅडम," तो म्हणाला. "फोटो दिला की कारण तोच सांगेल." आणि सोमवारच्या बैठकीत तर हयवदननं सगळ्यांसमोर पडद्यावर ओळच दाखवली: ‘एका तज्ज्ञावरचं अवलंबित्व कमी करणे.’ विभागात असा तज्ज्ञ एकच होता, आणि ती तिसऱ्या रांगेत बसली होती. हयवदननं तिच्याकडे पाहून मान डोलावली.

घरी आल्यावर तिनं पद्माकरला सगळं सांगितलं.

"अगं, तो पोरगा शिकतोय. शिकू दे की," पद्माकर शेंगा सोलता सोलता म्हणाला.

"तुम्हाला नाही कळायचं. मला स्टोअरमध्ये बसवणार ते."

"मग जाऊन सरळ विचार हयवदनला."

"आणि तो खरं सांगणार?"

पद्माकरनं पुढची शेंग उचलली. लग्नानंतर इतक्या वर्षांत या प्रश्नाला तो असंच काहीतरी करत आला होता.

प्रेमानं विचारलं नाही. तिनं सापळा लावला. कारखानदार खोटे नमुने पाठवतात की काय हे ओळखायला ती कधी कधी त्यांच्या मालात आपली खूण करून ठेवायची. तशीच खूण तिनं आपल्या संग्रहात केली. हायड्रोजननं तुटलेल्या बोल्टांचे काही फोटो निवडले, चांगले खडीसाखरेसारखे, आणि त्यांची नावं बदलून लिहिलं, ‘फटीग, सुरुवातीचा टप्पा’. तिचं नाव वगळून हे फोटो कुठं वापरले तर चोरीही पकडता येईल आणि प्रोग्रॅमही तोंडावर आपटेल, असा दुहेरी हिशेब होता. तिच्यावाचून ही चूक कुणाला दिसणारच नव्हती. मग सगळ्यांसमोर तिनं उभं राहायचं आणि म्हणायचं, हे फोटो कुठून आणले, आणि हे कोण वाचणार, तुमचं यंत्र? खरी नावं नंतर परत लावू, असं तिनं स्वतःला बजावलं आणि संग्रह अभिराजच्या हवाली केला.

दोन दिवसांनी तो तिच्या दारात उभा. चेहरा गोंधळलेला.

"मॅडम, हे फोटो... मला तर खडीसाखर दिसतेय. हायड्रोजन नाही काय हे?"

त्यानं बरोबर ओळखलं होतं. प्रेमाला क्षणभर इतका आनंद झाला की ती बोलूनच जाणार होती. पण तेवढ्यात मनात आलं, याला हयवदननं पाठवलं असेल. खात्री करून घ्यायला.

"नावं मी लिहिलीत ना? ते अनुभवानं कळतं," ती म्हणाली.

"सरी, मॅडम," तो म्हणाला, म्हणजे कन्नडमधलं ‘बरं’, आणि गेला.

आठवड्यानं परत आला तो हातात कागदांचा गठ्ठा घेऊन, डोळे चमकत होते. त्यानं परदेशातले कुठले कुठले लेख शोधून वाचले होते. कडक पोलादात फटीग अगदी हळू वाढत असेल, तर सुरुवातीला कधी कधी तसेच खडे दिसू शकतात, असं त्यात होतं. हे खरंही होतं. प्रेमाला ते माहीत होतं, म्हणूनच तिनं ते नाव निवडलं होतं.

"आता कळलं मॅडम मला," तो म्हणाला. "मी वरवर बघितलो होतो. तुमची नजर बसलेली आहे. मी अजून शिकायला पाहिजे."

प्रेमाच्या मनाला बारीकसा चिमटा बसला. तिनं तो चिमटा बाजूला सारला. एवढी मेहनत करून कुणी भाबडेपणाचं सोंग घेत असेल, तर तो फारच पोचलेला माणूस म्हणायचा. हे सोंगच नसेल, अशी शंका मात्र तिला आली नाही. सगळ्या शंका घेणाऱ्या बाईला ती एकच कशी आली नाही, कोण जाणे.

पुढच्या महिन्यात मिरजेला तिच्या भावाची साठीशांत होती. ती आठवडाभर रजेवर गेली. तिथं मंडपात बसूनही ती विचार करत होती, आपल्या मागं ऑफिसात काय शिजत असेल.

शिजत होतं ते असं. एका टेकडीवरच्या देवळाला जाणारा रोपवे आहे. त्याच्या पाळण्याला धरून ठेवणारा एक बोल्ट सकाळी तुटलेला आढळला. पाळण्यात कुणी नव्हतं, रोपवे अजून चालूही झाला नव्हता. तुटलेला बोल्ट प्रेमाच्या विभागात आला. जत्रा तोंडावर आलेली, म्हणून कंपनीला उत्तर घाईनं हवं होतं. हयवदननं काम अभिराजला दिलं. त्यानं ते मनापासून केलं, नव्या प्रोग्रॅमलाही फोटो देऊन पाहिला.

प्रेमा परत आली त्या सकाळी टेबलावर रिपोर्ट सहीसाठी ठेवलेला होता. शेजारी वाफाळती कॉफीही. अभिराज समोर उभा, पहिली ओवी म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा. तिनं पहिलं पान उलटलं. निष्कर्ष: फटीग. एक बोल्ट सैल राहिला होता. तो बदलावा, बाकीचे घट्ट आवळावेत, आणि रोपवे चालू करायला हरकत नाही.

तिनं दुसरं पान उलटलं. फोटोत खडीसाखर होती. ढळढळीत, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावी अशी. आणि त्याच्या शेजारी, पडताळ्यासाठी, दुसरा फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं: ‘फटीग, सुरुवातीचा टप्पा. डॉ. प्रेमा सबनीस यांचा संग्रह.’

"बोल्ट नवे होते?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"हो मॅडम. नुकतेच बसवलेले. जस्ताचा मुलामा."

"आणि रोपवे बंद असताना तुटला."

"हो. ते मला जरा विचित्र वाटलं. पण तुमच्या फोटोशी इतका जुळत होता, की मी म्हटलो, माझंच काहीतरी चुकतंय."

नव्या बोल्टांची ती सगळी खेप एकाच वेळी मुलामा चढवलेली. म्हणजे प्रत्येक पाळण्याला तोच बोल्ट, आणि आतून प्रत्येकात तोच हायड्रोजन. हे बोल्ट आणखी आवळले तर लवकर तुटतील. आणि जत्रेत पाळणे रिकामे नसतात.

"हा अजून गेला नाही ना?"

"रिपोर्ट नाही गेला. पण हयवदन सर बोलले मत कळवून टाक, म्हणून मी काल मेल केलो. आज दुपारी चालू करणार आहेत."

प्रेमानं त्याला पुढं बोलू दिलं नाही. तिनं स्वतः फोन फिरवला. कंपनीचा माणूस मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी सगळ्या भाषांत कुरकुरला. ती त्याच्यावर एकाच भाषेत ओरडली. तिथल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनाही तिनं फोन लावला. रोपवे बंद राहिला. यात ती क्षणभरही घुटमळली नाही, एवढं तिच्या पदरात घालायला हरकत नाही.

घुटमळली ती नंतर.

हयवदननं दोघांना केबिनमध्ये बोलावलं. त्याचा गोडवा त्या दिवशी संपलेला होता. संस्थेच्या नावानं चुकीचं मत गेलं, ते मागं घ्यावं लागलं, वर उत्तर द्यायचं होतं. त्यानं दोन्ही फोटो पाहिलेच नव्हते. चूक कुणाची, एवढं नाव त्याला हवं होतं.

"हा मुलगा कच्चा आहे," तो प्रेमाला म्हणाला. "कायम करायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल. तुमचं काय मत?"

सुटकेचं दार उघडं होतं. ती फक्त म्हणाली असती, ‘हो, जरा कच्चा आहे’, तरी काम झालं असतं. ते खोट्या नावांचे फोटो आज दुपारी संग्रहातून निघाले असते. प्रोग्रॅमची फजिती झाली होती, एका तज्ज्ञावाचून विभागाचं पान हलत नाही हे सिद्ध झालं होतं, आणि तिच्या जागेकडे कुणी वाकडी नजर टाकणार नव्हतं. जे हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं. सही करण्याइतकं सोपं होतं ते.

"सर, मॅडमनी बरोबरच शिकवलं होतं," अभिराज मध्येच म्हणाला. "मीच चुकीचं समजलो. मॅडमचं नाव ह्यात घेऊ नका."

प्रेमानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. याला कळलंय का? कळूनसवरून हा मला बोलायला लावतोय का? शेवटच्या क्षणालाही तिच्या मनात तेच आलं. तिनं त्याचा चेहरा न्याहाळला, उभ्या आयुष्यात तुटक्या धातूशिवाय कशाकडे पाहिलं नसेल इतकं बारकाईनं. खोटं कुठं सापडतं का ते शोधलं. त्या चेहऱ्यावर लाज होती, भीती होती, आणि तिच्यावरचा विश्वास होता. आणखी काहीही नव्हतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कान गरम झाले.

"तो फोटो माझा आहे, पण नाव खोटं आहे," ती म्हणाली. "तो हायड्रोजनचा फोटो आहे. मी मुद्दाम फटीग लिहिलं. एक नाही, असे बरेच आहेत. यानं दोनच दिवसांत ओळखलं होतं. मी त्याला गप्प बसवलं."

हयवदननं खुर्ची पुढं ओढली.

"कशासाठी?" हयवदननं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. कँटीनमधली इडली, पडद्यावरची ओळ, सापळा. सांगताना ते किती पोरकट वाटतंय हे तिलाच ऐकू येत होतं.

"मला विचारायचं होतं तुम्ही," हयवदन म्हणाला.

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

हयवदननं टेबलावरचा पेपरवेट सरकवला आणि पुन्हा होता तिथं आणून ठेवला. त्याच्या मनात नेमकं काय होतं, हे प्रेमाला पुढंही कधी कळलं नाही, आणि तिचा त्याच्यावरचा संशय आजही तसाच आहे. फक्त आता त्याचा तिला काही उपयोग उरलेला नाही.

अभिराज केबिनमधून तिच्या आधी बाहेर पडला. व्हरांड्यात तिनं त्याला हाक मारली. तो थांबला, पण वळला नाही.

"मी आठवडाभर ते लेख वाचत होतो मॅडम," तो म्हणाला. "घरी आई म्हणायची, डोळे जातील. मी म्हणायचो, मॅडमना दिसतंय आणि मला दिसत नाही, म्हणजे माझ्यात कमी आहे."

"माझं चुकलं रे."

"सरी," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

चौकशी झाली. रोपवेचे सगळे बोल्ट काढले, तपासले. त्यातल्या काहींत आतून तडे सुरूही झाले होते. प्रेमाला लेखी समज मिळाली. यापुढं तिच्या एकटीच्या सहीनं रिपोर्ट जाणार नव्हता. पण यातलं काहीच तिला फारसं लागलं नाही. लागलं ते निराळंच. समितीतल्या कुणीतरी साधा प्रश्न विचारला होता: यातली काही नावं खोटी आहेत, तर बाकीची खरी कशावरून? सगळा संग्रह पुन्हा तपासायचं ठरलं. मूळ तुकडे कपाटांत जपून ठेवलेले होते, ते एकेक काढून. तपासणारा शास्त्रज्ञ, अभिराज लाड. त्याची नोकरी कायम झाली होती.

आता रोज दुपारी ती दोघं समोरासमोर बसतात. त्याच्या बोलण्यात ‘अक्का’ येत नाही, चुकूनही. वागण्यात उद्धटपणा नाही, कॉफी आणली तर तिच्यासाठीही आणतो. सकाळची शिकवणीसुद्धा त्यानं थांबवली नाही. ठरलेलं काम आहे म्हणून तो ती नेमानं घेतो, आणि चूक सापडली की ओळ दाखवून देतो. टाळी वाजवत नाही. घरी पद्माकर विचारतो, काय, बोलायला लागला का पोरगा? ती म्हणते, बोलतो की. आणि भाजीकडे बघत बसते.

परवा एका जुन्या क्रेनच्या हुकाचा फोटो निघाला. तिच्या तरुणपणचा, तिचा अत्यंत लाडका. रेघा इतक्या सुरेख की कुणालाही शिकवायला द्यावा.

"हे फटीग आहे," प्रेमा म्हणाली. "यात काही शंकाच नाही. हा राहू दे, पुढचा घेऊ."

अभिराजनं फोटोकडे पाहिलं नाही. त्यानं हात पुढं केला.

"तुकडा द्या मॅडम. मी स्वतः बघतो."

तिनं दिला. तो आत गेला, मायक्रोस्कोपची खोली बंद झाली. प्रेमा बाहेरच्या स्टुलावर बसून राहिली, तोंडी परीक्षेला आलेल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून. बराच वेळ गेला. आपण खरं बोललो आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिची नजर दारावरून हलेना. आत तो घाई करत नव्हता. एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जात होता, मालकाची कहाणी बाजूला ठेवून. तिनं हाताखाली इतकी माणसं तयार केली, पण असं बघणारं त्यांत कुणी निघालं नव्हतं. तिला अभिमान वाटला, आणि त्याच्याच जोडीनं वाईटही वाटलं.

दार उघडलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "फटीगच."

"मी म्हटलं होतं," ती पुटपुटली.

"हो. म्हटला होतात," अभिराज म्हणाला, आणि पुढच्या तुकड्यासाठी त्यानं हात पुढं केला.